परमुलखी जाणाऱ्याचा कागद

श्रोतेहो, संध्याकाळची वेळ आहे असे समजा. शाळा सुटली आहे, गुरुजी ओसरीवर बसले आहेत आणि गावातला एक मुलगा हातात कागद घेऊन येतो. मुलगा कामाचा आहे. तालुक्याच्या आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकला आहे, दोन वर्षे कारखान्यात हातही चालवला आहे. मुंबईच्या कोणा गृहस्थाने त्याला आखाती देशात नोकरी देऊ केली आहे. कागद इंग्रजीत आहे, मधल्या काही ओळी अरबीत आहेत. मुलगा म्हणतो, "गुरुजी, एवढं वाचून सांगता का? उद्याच सही करायची आहे." आणि उठता उठता हळूच सांगतो, की वडिलांनी विहिरीजवळचा तुकडा गहाण टाकून पैसे उभे केले आहेत.

अशा वेळी गुरुजींच्या मनाची काय अवस्था होते, ते तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. इंग्रजी वाचता येते, पण कायदा कळतोच असे नाही. 'जा' म्हणावे तर जबाबदारी आपल्या माथी. 'नको' म्हणावे तर पोराचे नशीब आपणच अडवले असे व्हायचे. शहरातला वकील गाठावा तर तो खरा कोणता, फी किती घेईल, ते माहीत नाही.

हा प्रश्न नवा वाटतो, पण तो पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे. आपली माणसे पोटासाठी समुद्रापार जाऊ लागली त्या दिवसापासून तो उभा आहे: परमुलखी जाणाऱ्याचा कागद त्याला खरा वाचून दाखवणार कोण? आज मी तुम्हांला याच प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे. त्यात एक वकीलही भेटतील, ज्यांना लोकांनी वर्गणी काढून साता समुद्रापलीकडून बोलावून घेतले.

गोष्ट सुरू होते मॉरिशस बेटापासून. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ साली झाला. गुलाम मोकळे होणार म्हटल्यावर उसाच्या मळेवाल्यांना मजुरांची चिंता पडली. त्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. १८३४ साली 'अ‍ॅटलास' नावाच्या जहाजातून ३६ मजूर कलकत्त्याहून निघाले आणि २ नोव्हेंबर रोजी मॉरिशसच्या धक्क्यावर उतरले. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. पुढच्या सुमारे ऐंशी वर्षांत त्या एका बेटावर साडेचार लाखांच्या आसपास माणसे आपल्या देशातून गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली रत्नागिरीकडची, कोकणातली मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणूनच ओळखले जातात, आणि गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटी असते.

या कराराला लोक 'गिरमिट' म्हणू लागले. आपल्याकडे सुताराच्या भोक पाडायच्या हत्याराला गिरमिट म्हणतात. हे गिरमिट निराळे. 'अ‍ॅग्रीमेंट' या इंग्रजी शब्दाचा तो लोकांच्या तोंडी झालेला अवतार आहे. ज्याने गिरमिटावर अंगठा उठवला तो गिरमिटिया. शब्द मोडला, पण आतला पीळ तसाच राहिला.

आता तुम्ही म्हणाल, की त्या काळी कायदा नसेल, म्हणून लोक फसले असतील. तसे नव्हते. कायदा फार लवकर झाला होता. १८३७ सालच्या कायद्यात म्हटले होते, की जाणारा आणि त्याला नेणारा या दोघांनी सरकारी अधिकाऱ्यापुढे हजर राहावे, करार लेखी असावा, मुदत पाच वर्षांची असावी आणि मुदत संपल्यावर माणसाला परत आणून पोचवण्याची सोय त्यात असावी. तरीही ओरड झाली, म्हणून १८३९ साली ही वाहतूक बंद करण्यात आली. मळेवाल्यांनी जोर लावला, आणि १८४२ साली मॉरिशसपुरती ती पुन्हा सुरू झाली. या खेपेस बंदरावर मजुरांच्या रक्षणासाठी सरकारी अधिकारी नेमायचे ठरले. पुढे १८८३ साली आणखी मोठा कायदा झाला. माणसे गोळा करणाऱ्या दलालाला परवाना हवा आणि जाणाऱ्याची नोंद मॅजिस्ट्रेटसमोर व्हावी, असे त्यात होते.

कागदावर पाहिले तर फार दोष काढता येणार नाही. मग माणसे फसली कशी?

फसली ती दलालामुळे. उत्तरेत त्याला 'अरकाटी' म्हणत. हा अरकाटी बाजारात, देवळाच्या पायऱ्यांवर, रेल्वे स्टेशनवर उभा असे. घरातून रागावून निघालेला पोर, दुष्काळाने गाव सोडलेला कुणबी, नवऱ्याने टाकलेली बाई, अशी माणसे तो बरोबर हेरी. गोड बोले, जेवू घाले, आणि एक पैसासुद्धा मागत नसे. हे शेवटचे नीट लक्षात ठेवा. अरकाटी मजुराकडून काही घेत नसे, कारण त्याला दर माणशी दलाली पलीकडून मिळत असे. ज्याला आपण फुकटचा हितचिंतक समजलो, तो दुसऱ्याच्या पगारावर होता. जाणाऱ्याला वाटे, की हा आपल्यासाठी धडपडतो आहे. प्रत्यक्षात तो डोकी मोजत होता. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम देशाला नेताना या लोकांनी 'श्रीरामाच्या देशाला चला' असे सांगितल्याची आठवण तिथल्या हिंदी वस्तीत अजून सांगतात.

आणि मॅजिस्ट्रेटसमोरची नोंद? तोताराम सनाढ्य नावाचे एक गृहस्थ १८९३ साली असेच फिजी बेटावर नेले गेले. एकवीस वर्षांनी परत आल्यावर त्यांनी आपली हकिगत हिंदीत छापली, आणि त्या लहानशा पुस्तकाने उत्तर हिंदुस्थानात मोठी खळबळ उडवली. त्यांनी लिहिले आहे, की मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याआधी दलालाने सगळ्यांना पढवून ठेवले होते: साहेब काहीही विचारो, 'हो' म्हणा. आणि वीस मिनिटांत १६५ माणसांची नोंद उरकली. एका माणसाच्या वाट्याला किती सेकंद आले, याचा हिशेब वर्गातल्या मुलांना घालून पाहा. आठही भरत नाहीत. पाच वर्षांचे आयुष्य लिहून द्यायला आठ सेकंद!

पलीकडे पोचल्यावर कायद्याचे खरे तोंड दिसे. साध्या नोकराने काम सोडले तर मालक फार तर दिवाणी दावा लावी. गिरमिटियाने काम सोडले, किंवा नेमून दिलेले काम पुरे केले नाही, तर तो फौजदारी गुन्हा होई. दंड, नाही तर तुरुंग. मॉरिशसमध्ये एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापत. तक्रार करायची तर कोर्ट इंग्रजी किंवा फ्रेंच बोलणारे, आणि वकील मळेवाल्यांच्या पंक्तीला बसणारे.

अशा काळात, १८९३ साली, एका हिंदी व्यापारी पेढीचे काम पाहायला एक तरुण बॅरिस्टर दक्षिण आफ्रिकेत आला. मोहनदास करमचंद गांधी. पेढीचा दावा मिटल्यावर तो परतणार होता. पण तिथल्या हिंदी लोकांनी त्याला थांबवून घेतले. सार्वजनिक कामाचा पैसा घेणार नाही, असे गांधींनी सांगितले. तेव्हा सुमारे वीस व्यापाऱ्यांनी आपापली वर्षभराची कोर्टकामे त्यांच्याकडे सोपवली आणि त्यावर त्यांचा चरितार्थ चालू लागला. ही व्यवस्था ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वकील मिंधा राहिला नाही आणि उपाशीही राहिला नाही. ऐपतवाल्यांनी त्याचा संसार चालवला, म्हणून गरिबाच्या कामाला तो मोकळा झाला.

थोड्याच महिन्यांत त्यांच्या दाराशी बालसुंदरम् नावाचा एक तमिळ मजूर आला. कपडे फाटलेले, पुढचे दोन दात मोडलेले, तोंडातून रक्त येते आहे आणि फेटा हातात धरलेला. मालकाने मारले होते. गांधींनी आधी डॉक्टरकडून दाखला घेतला, मग त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले. मालकाला शिक्षा व्हावी हा त्यांचा हेतू नव्हता. मजूर त्या घरातून सुटावा एवढेच हवे होते. कायदा वाचून त्यांनी त्यातली वाट शोधली: रक्षक-अधिकाऱ्याच्या मार्फत त्याचा करार दुसऱ्या मालकाकडे बदलून घेतला. बालसुंदरम् सुटला. गोऱ्या माणसापुढे जाताना फेटा काढून हातात धरायची सक्ती होती, म्हणून तो गांधींपुढेही तसाच उभा राहिला होता. गांधींनी त्याला फेटा पुन्हा बांधायला लावला. ही बातमी मळ्यामळ्यांतून पसरली, आणि आपले ऐकणारा एक वकील आहे हे मजुरांना प्रथमच कळले.

जोहान्सबर्गमधली एक गोष्टही सांगून ठेवतो, कारण ती आजच्या कामाची आहे. बोअर युद्धानंतर ट्रान्सवाल प्रांतात शिरायला परवाना लागे. ज्यांचा खरा हक्क होता त्यांना परवाना मिळेना, आणि हक्क नसलेले शंभर शंभर पौंड मोजून आत येत. गांधींनी साक्षी-पुरावे जमा केले आणि पोलिसांकडे नेले. दोन अधिकाऱ्यांवर खटला झाला. पंचांनी त्यांना निर्दोष सोडले. तरी पुरावा एवढा उघड होता, की सरकारने दोघांना नोकरीतून काढले. पैसे चारून मिळवलेला कागद किती लटका असतो, आणि त्यापायी सरळ माणसाची वाट कशी अडते, ते यावरून दिसते.

आता आपल्या गोष्टीतले मुख्य गृहस्थ येतात. मणिलाल मगनलाल डॉक्टर. 'डॉक्टर' हे आडनाव बरे का. होते ते बॅरिस्टर. जन्म १८८१ सालचा, बडोद्याचा. गायकवाडांच्या त्या राजधानीत वाढले, पुढे मुंबईत आणि मग विलायतेत शिकले. गांधी १९०१ साली हिंदुस्थानाकडे येताना मॉरिशसला उतरले होते, आणि तिथल्या लोकांना शहाण्या सोबत्याची किती गरज आहे ते त्यांनी पाहिले होते. त्यांच्या सांगण्यावरून १९०७ साली मणिलाल मॉरिशसला गेले. त्यांनी मजुरांची कामे नाममात्र फी घेऊन चालवली. १९०९ साली विलायत सरकारने चौकशीसाठी आयोग पाठवला, तेव्हा मजुरांची बाजू त्यांनी त्याच्यापुढे मांडली. त्याच वर्षी 'हिंदुस्थानी' नावाचे वर्तमानपत्रही काढले. मॉरिशसला गिरमिटिये नेणे त्यानंतर लवकरच थांबले.

इकडे फिजीत काय चालले होते? १८७९ सालापासून १९१६ सालापर्यंत त्या बेटांवर सुमारे ६० हजार गिरमिटिये उतरले. पुरुषाला दिवसाला एक शिलिंग आणि बाईला नऊ पेन्स मजुरी कबूल केलेली, तीही नेमलेले काम पुरे झाले तर. कोर्टात उभे राहण्याची पाळी तर रोजची. पण साऱ्या बेटावर एकही हिंदी वकील नव्हता. वकील करायचा तर गोराच करावा लागे. त्याची भाषा वेगळी, त्याची उठबस वेगळी.

तेव्हा १९११ साली तिथल्या शहाण्या माणसांनी, त्यांत तोताराम सनाढ्यही होते, एक साधी गोष्ट केली. त्यांनी गांधींना पत्र लिहिले, की आम्हांला एक बॅरिस्टर पाठवा. गांधींनी ती मागणी आपल्या 'इंडियन ओपिनियन' पत्रात छापली. मणिलालांनी जायची तयारी दाखवली. फिजीतल्या लोकांनी आपसांत वर्गणी जमवून त्यांच्या प्रवासाची सोय केली. शिलिंग शिलिंग मजुरीतून जमलेला तो पैसा होता! ऑगस्ट १९१२ मध्ये मणिलाल सुवा बंदरावर उतरले, तेव्हा शेकडो हिंदी माणसे धक्क्यावर उभी होती. इतकी माणसे वकिलाच्या वाटेकडे डोळे लावून बसल्याचे क्वचितच ऐकायला मिळते.

मणिलालांनी तिथे काय केले? कोर्टकामे तर केलीच, पण त्याहून अधिक म्हणजे लोकांचे अर्ज लिहिले. अर्ज ही वस्तू आपल्याला किरकोळ वाटते. पण ज्याला लिहिता येत नाही त्याचे दुःख सरकारदरबारी असत नाही, ते अर्ज झाल्यावरच असते. त्यांनी लोकांची सभा उभी केली. १९२० साली महागाईने गांजलेल्या मजुरांनी सुव्यात संप केला, आणि सरकारने त्याचा ठपका मणिलालांवर ठेवला. मुख्य बेटावर राहायला त्यांना बंदी झाली आणि त्यांना फिजी सोडावी लागली. पुढे न्यूझीलंडमध्ये त्यांनी वकिलीची सनद मागितली, तीही नाकारली गेली. एडनसारख्या ठिकाणी वकिली करीत त्यांनी दिवस काढले. १९५६ साली मुंबईत ते वारले. ज्यांनी परदेशात इतरांना कायद्याचे दार उघडून दिले, त्यांना स्वतःला एका देशाने बाहेर काढले आणि दुसऱ्याने सनद नाकारली. प्रामाणिक वकिलीची अशीही किंमत मोजावी लागते.

एकेक खटला लढवून ही पद्धत मोडणार नव्हती, तो कायदाच काढायला हवा होता. ते काम आपल्या महाराष्ट्रातल्या एका शिक्षकाने अंगावर घेतले. गोपाळ कृष्ण गोखले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा जन्म, आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात वर्षानुवर्षे शिकवलेले. १९१० साली वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी ठराव मांडला, की नाताळला करारी मजूर पाठवणे बंद करावे. तो मान्य झाला आणि १९११ च्या जुलैपासून ती भरती थांबली. १९१२ साली त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले: ही पद्धत सर्वच देशांपुरती बंद करा. ठराव पडला. पण मांडलेले मुद्दे पडले नाहीत. दोन्ही पक्ष समान नाहीत, करार ज्याच्यावर बांधला जातो त्याला तो कळत नाही, आणि मोडला तर शिक्षा फक्त एकालाच, असे त्यांचे म्हणणे होते. गोखले १९१५ साली वारले. १९१६ साली पंडित मदनमोहन मालवीयांनी तोच ठराव पुन्हा मांडला, तेव्हा सरकारने तो तत्त्वतः मानला. १९१७ मध्ये भरती थांबली, आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतले उरलेसुरले गिरमिट रद्द झाले.

त्यानंतर १९२२ साली नवा कायदा झाला. तुमच्या वेल्डर मुलाच्या दृष्टीने हा महत्त्वाचा, कारण यात कुशल कामाचा वेगळा विचार केला होता. कारागीर, कारकून, दुकानातला मदतनीस, उपाहारगृहातला नोकर, घरगडी, अशी कामे त्यात घातली होती. अशा माणसांना परदेशी नेणाऱ्याने आधी सरकारची परवानगी काढावी, अटी कळवाव्यात आणि जामीन द्यावा असे ठरले. हा कायदा साठ वर्षे टिकला. मग १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत बांधकामे निघाली, आणि गवंडी, सुतार, वेल्डर, ड्रायव्हर यांना मोठी मागणी आली. मुंबई हे त्या भरतीचे मोठे केंद्र झाले. गल्लोगल्ली कचेऱ्या निघाल्या. काही खऱ्या, काही रातोरात कुलूप लावून पळणाऱ्या.

त्यातून १९८३ सालचा उत्प्रवास कायदा आला. त्याने भरती करणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची केली आणि फीला मर्यादा घालण्याची सोय केली. २०१७ च्या दुरुस्तीने ती मर्यादा ३० हजार रुपये आणि त्यावरील कर अशी ठरली. याहून जास्त मागणारा माणूस नियम मोडतो आहे, असे बेधडक समजावे. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागावी. एजंट नोंदलेला आहे की नाही, ते परराष्ट्र खात्याच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर पाहता येते. गुरुजी, ते पाहायला दोन मिनिटे लागतात.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती अनेकांना ठाऊक नसते. दहावी न झालेला मजूर ठरावीक देशांत जायला निघाला, तर त्याचे कागद सरकारचा रक्षक-अधिकारी तपासतो आणि मग परवानगी देतो. दहावी झालेल्याला ही परवानगी लागत नाही. त्याला शिकलेला, म्हणजे आपले हित पाहू शकणारा, असे मानले आहे. परिणाम असा, की कुशल कारागिराचा कागद निघण्यापूर्वी कोणी तपासेलच असे नाही. शिक्षणाने त्याला एक अडथळा कमी झाला, पण एक राखणदारही कमी झाला. तेव्हा त्याची राखण त्याने स्वतः, आणि तुम्ही आम्ही, करायला हवी.

आणि वकिलाचे काय? आपल्या घटनेत १९७६ साली ३९-अ हे कलम घातले गेले, की गरिबीमुळे कोणी न्यायाला मुकू नये. त्यावरून १९८७ साली विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. जिल्ह्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले लोक, अशांना तिथे वकील विनामूल्य मिळू शकतो. दूरध्वनी क्रमांक लहान आहे, फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: १५१००. परदेशात गेल्यावर अडचण आली, तर आपल्या वकिलातीकडे जावे. २००९ साली तिथे हिंदी माणसांच्या मदतीसाठी निधी उभारला आहे, आणि गरजूंना सुरुवातीची कायदेशीर मदतही त्यातून देता येते. सुवाच्या धक्क्यावर उभ्या राहिलेल्या लोकांनी वर्गणीतून जे केले, ते आता काही अंशी सरकारकडून होऊ शकते. पण मागावे लागते.

ज्यांना कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियासारख्या देशांत कायमचे जायचे आहे, त्यांच्यासाठी एक शब्द. कॅनडाच्या कायद्याप्रमाणे फी घेऊन असा सल्ला सनदी वकील, क्वेबेक प्रांतातले नोटरी आणि परवाना असलेले सल्लागार यांच्यासारखे अधिकृत लोकच देऊ शकतात. परवानाधारक सल्लागारांची यादी कोणालाही पाहता येते. ऑस्ट्रेलियातही अशा एजंटांची सरकारी नोंद असते. नाव यादीत नसेल, तर कचेरी कितीही झगझगीत असो, पायरी उतरावी. आणि 'व्हिसाची हमी माझी' असे जो म्हणेल, त्याला दुरूनच रामराम करावा. निर्णय त्या त्या देशाचे सरकार घेते. प्रामाणिक वकील हमी कामाची देतो, निकालाची देत नाही.

तर पुन्हा आपल्या ओसरीवर येऊ. मुलगा कागद घेऊन उभा आहे. गुरुजींनी कायदेपंडित व्हायची गरज नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारावा: "बाळा, हा कागद देणाऱ्याला पैसे कोण देतो?" मालक देत असेल, तर तो मालकाचा माणूस आहे. मालकाकडूनही घेतो आणि तुझ्याकडूनही घेतो, तर तो कोणाचाच नाही. दुसरा प्रश्न: "याचे नाव सरकारी यादीत आहे का?" तिसरा: "पगार, कामाचे तास, राहणे, परतीचे भाडे, हे कागदावर लिहिले आहे की नुसते तोंडी आहे? व्हिसा नोकरीचा आहे की नुसत्या भेटीचा?" अरबी ओळी ज्याला येतात त्याच्याकडून वाचून घ्याव्यात, इंग्रजी ओळींत तेच लिहिले असेल असे गृहीत धरू नये. आणि शेवटी म्हणावे, "सही उद्या नको. आठ दिवसांनी कर. तेवढ्यात तालुक्याला वकिलाला दाखवून येऊ."

आठ दिवस थांबायला जो एजंट तयार नाही, त्याला माणसाची गरज नाही, डोक्यांची गरज आहे.

एक गोष्ट मात्र करता येण्याजोगी आहे. गावातली चार-पाच मुले एकाच वेळी निघणार असतील, तर त्यांनी मिळून एक चांगला वकील करावा. एकाला जड जाणारी फी पाच जणांत हलकी होते, आणि पाच जणांना एकदम फसवणे एकट्याला फसवण्याइतके सोपे नसते. फिजीतल्या मजुरांनी हेच केले. त्यांच्यातल्या अनेकांना सही येत नव्हती, मजुरी दिवसाला एक शिलिंग होती आणि मायदेश हजारो मैल दूर होता. तरीही त्यांनी पत्र लिहवून घेतले, पैसे जमवले आणि आपला वकील आणवला. आपल्याला तर फक्त तालुक्यापर्यंत जायचे आहे.

उद्या सकाळी पहिली एसटी किती वाजता आहे, ते त्या मुलाला विचारा. आणि जमले तर, गुरुजी, तुम्हीही त्याच्याबरोबर जा.